गेल्या वर्षीसारखीच द्या

कासूला माझ्या दुकानात भिंतीवर घड्याळ आहे, पण त्याच्याकडे कोणी बघत नाही. सकाळची रोह्याकडे जाणारी गाडी गेली की शटर वर, पोटात कावळे ओरडले की शटर खाली. पाटीवर 'टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन' असं लिहिलंय. चौथाही एक शब्द होता, तो पावसाने नेला. काय होता ते आता मलाही आठवत नाही, आणि अजून कोणी येऊन मागितलेला नाही.

दुकानात एकच कॉम्प्युटर आणि त्यात लिनक्स. पनवेलपलीकडचा माणूस हे ऐकून माझ्याकडे आदराने बघतो. त्यात तत्त्वज्ञान वगैरे काही नाही. लिनक्स फुकट मिळतं आणि सहसा व्हायरस धरत नाही. माझ्याकडे येणारा पेनड्राइव्ह हळदीच्या शूटिंगपासून डीजेच्या गाण्यांपर्यंत सतरा घरचं पाणी पिऊन आलेला असतो, त्यामुळे दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा.

गोष्ट 2011 सालच्या उन्हाळ्यातली. माझा भाचा पेणला कॉम्प्युटरचा कोर्स करत होता. सुट्टीत राहायला आला आणि एका रात्री सीडी घालून अपग्रेड मारून मोकळा झाला. "मामा, सकाळी बघ," म्हणाला. मामाने सकाळी बघितलं.

खालची पट्टी गेली होती. माझ्या हाताखाली जन्म काढलेली पट्टी! डाव्या बाजूला मेन्यू, मधे उघड्या फायलींची रांग, सगळं साफ. वर एक काळी रेघ, खाली नुसतं निळं आभाळ. चोरसुद्धा जाताना निदान रिकामी ट्रंक मागे ठेवतात.

तेवढ्यात काका आले. हे काका माझं नेहमीचं गिऱ्हाईक. हायवेच्या जमिनीच्या मोबदल्याचा त्यांचा एक अर्ज आहे, तो ते दर महिन्याला एका कार्यालयात देतात आणि कार्यालय तो दर महिन्याला घेतं. मजकूर ठरलेला. बारा महिने छत्री बाळगतात, उन्हाची आणि पावसाची. आत आले की न बघता हात मागे नेऊन झेरॉक्स मशीनशेजारच्या खिळ्याला ती अडकवतात आणि म्हणतात, "गेल्या महिन्यातलाच काढ. तारीख बदल."

मी फाईल कशीबशी शोधली, तारीख बदलली, आणि सवयीने विंडो खाली टाकायला गेलो. आमच्या धंद्यात 'मिनिमाइज' कोणी म्हणत नाही. 'खाली टाक' म्हणतात, आणि बंद करायची तर 'फुली मार'. फुली होती. खाली टाकायचं बटण नव्हतं. मी डोळे चोळले, चष्मा पुसला. नव्हतंच. इतक्यात माउस चुकून वरच्या डाव्या कोपऱ्याला टेकला, आणि उघड्या होत्या तेवढ्या सगळ्या खिडक्या, अंगणात कुत्रा शिरल्यावर कोंबड्या पांगाव्यात तशा, स्क्रीनभर पांगल्या.

"काय रे, माझा अर्ज उडाला काय?" काका म्हणाले.

"नाही काका, आहे. तो बघा, त्या कोपऱ्यात, छोटा झालाय."

"इतके दिवस मोठा होता तेव्हा कोणी वाचला नाय. आता छोटा केल्यावर कोण वाचणार?"

संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करायला गेलो तर मेन्यूत 'बंद' हा शब्दच नाही. 'झोपवा' अशा अर्थाचं काहीतरी होतं. मी बराच वेळ शोधत बसलो. शेवटी लाइट गेली आणि प्रश्न सुटला.

माझं लिनक्स कोणत्या घराण्याचं ते सांगत नाही. त्या वर्षी बऱ्याच घरांत हेच चाललं होतं, मग एकट्याचं नाव कशाला घ्या! झालं होतं ते असं. लिनक्स हे आतलं यंत्र. आपल्याला दिसतो तो त्यावर चढवलेला पोशाख, त्याला डेस्कटॉप म्हणायचं. हे पोशाख वेगवेगळ्या मंडळींनी शिवलेले असतात. त्यांतला ग्नोम नावाचा पोशाख फार लोकांच्या अंगावर होता. ग्नोमची दुसरी आवृत्ती 2002 सालची. ती नऊ वर्षं चालली, लोकांच्या हातात बसली. मग 6 एप्रिल 2011 ला तिसरी आली. तिच्यात खालची पट्टी नव्हती, खाली टाकायचं बटण नव्हतं, आणि 'पॉवर ऑफ' दिसायला ऑल्ट दाबून धरावं लागे. मला हे ऑल्टचं गुपित कळलं तेव्हा पाऊस सुरू झाला होता.

बटण का काढलं, याचं कारण मात्र मला फार आवडलं. खिडकी खाली टाकायची म्हणजे पट्टीवर टाकायची. पट्टीच राहिली नाही, मग टाकणार कुठे? म्हणून बटण काढलं. विहीर बुजवली, आता पोहऱ्याचं काय काम! यात तर्काची चूक दाखवा बघू. मी आठवडाभर प्रयत्न केला.

आणखी एक गंमत. हा नवा पोशाख अंगात यायला ग्राफिक कार्ड बऱ्यापैकी लागायचं. ज्याचं कार्ड दुबळं त्याला, 'तुला हे झेपणार नाही बाबा' असं म्हणून, जुन्यासारखंच रूप मिळायचं. खाली पट्टी, वर मेन्यू, सगळं. मी वर्षभरापूर्वीच चार पैसे जास्त घालून बरं मशीन घेतलं होतं. गरिबीचा हेवा वाटायची वेळ माझ्यावर तेव्हा पहिल्यांदा आली.

दुसरीकडे जावं, तर त्याच महिन्यात, 28 एप्रिलला, उबुंटू घराण्यानेही आपला पोशाख बदलला. त्यांच्या नव्या अवताराचं नाव युनिटी, म्हणजे एकी. डावीकडे एक उभी पट्टी आली आणि तिच्यावरून सगळ्या जगात बेकी झाली. पुढे 2017 मध्ये त्यांनीच ती एकी मोडली आणि ग्नोमच्या घरी परत गेले. सहा वर्षं लोकांनी डावीकडे बघायची सवय लावून घेतली ती वेगळीच.

एक गोष्ट मात्र जागेवर होती, ती सांगितली पाहिजे. मराठी अक्षरं. रफार, जोडाक्षरं, सगळं होतं तसं. तो लोहित नावाचा फॉन्ट. लोहित म्हणजे लाल. रेड हॅट कंपनीच्या घरचा, म्हणून लाल, आणि त्याची डागडुजी करणारी माणसं पुण्यातली. पुण्याच्या माणसांनी एखादी गोष्ट आहे तशी राहू दिली, हे मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या पट्टीचं? तर 2011 हे साल कासूला वेगळ्या कारणानेही लक्षात आहे. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण आमच्याकडे त्याच वर्षी सुरू झालं. पळस्पे ते इंदापूर 84 किलोमीटर, आणि बरोब्बर मधे, 42 व्या किलोमीटरला, कासू. तेव्हापासून आमच्या गावाचं नाव पेपरात येतं ते 'पळस्पे ते कासू' नाहीतर 'कासू ते इंदापूर' असं. स्वतंत्रपणे कधी आलेलं आठवत नाही. हायवेचा नंबर तर आधीच बदलून झाला होता, 17 चा 66. नवं रूप येणार म्हणून जुनं आधी उखडायचं आणि मधल्या काळात माणसांनी आपापली वाट शोधायची, याचा आम्हाला दांडगा अनुभव. एसटी कुठे थांबेल हे त्या काळात ड्रायव्हरलाही थांबल्यावरच कळायचं. तिकडे ग्नोमवाले मात्र वेळ पाळणारे. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती. 2021 च्या मार्चमध्ये ते 3.38 वरून मधले सगळे आकडे गाळून एकदम 40 वर गेले, वडखळच्या खड्ड्यावरून गाडी उडते तसे.

असो. मला दुसरा पोशाख शोधणं भाग होतं. भाच्याला अपराधी वाटत असावं, कारण पुढच्या रविवारी तो सीड्यांची थप्पी घेऊन आला.

पहिली काढली केडीईची. हे मंडळ ग्नोमच्याही आधीचं, 1996 चं. दिसायला देखणं, यात शंका नाही. पण सेटिंग उघडलं आणि मला लग्नाच्या हॉलवाल्याचं मेन्यूकार्ड आठवलं. सावली किती लांब, कोपरा किती गोल, खिडकी उघडताना कशी उघडू, झिरपत येऊ का उडी मारत येऊ. मला अर्जावरची तारीख बदलायची होती. आणि वर उजव्या कोपऱ्यात काजू. मस्करी नाही, त्या काळच्या केडीईत कोपऱ्यात एक बटण होतं, आकारावरून जगभर त्याला काजूच म्हणायचे, आणि ते जाता जात नव्हतं. एकाने खास ते घालवायला वेगळा प्रोग्राम लिहिला होता आणि त्याच्या नावातच काजूचा द्वेष जाहीर केला होता. कोकणच्या माणसाने 'काजू नको' म्हणावं, इतकी वाईट परिस्थिती आली नव्हती, पण जवळपास आली होती.

भाचा म्हणाला, केडीईनेही 2008 साली असाच सगळा थाट बदलला होता, तेव्हा त्यांच्याकडेही अशीच रडारड झाली. त्यांच्यातलीही काही माणसं जुनं घेऊन वेगळी झाली. म्हणजे मी एकटा नव्हतो. तुमचं जळतंय ना, शेजाऱ्यांचंही जळालंय, हा दिलासा आपल्याकडे फार चालतो.

मग आलं एक्सएफसीई. हलकं, साधं, आवाज न करणारं. चिन्ह काय, तर उंदीर. काकांनी तो स्क्रीनवर पाहिला आणि बराच वेळ बघत राहिले.

"वाहन आलं," ते म्हणाले. "गणपती मागून येत असेल."

खाली पट्टी लावता आली. खाली टाकायचं बटण होतं. मी तिथेच मुक्काम टाकला. त्याच पावसाळ्यात बातमी आली की खुद्द लिनस टोरवाल्ड्स, म्हणजे ज्याने 1991 साली लिनक्सचा श्रीगणेशा केला तो माणूस, ग्नोमच्या नव्या रूपावर उखडून उंदरावर बसलाय. ही बातमी मी दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगितली. एकाने विचारलं, "म्हणजे त्याला तुझा पत्ता कोणी दिला?" दोनेक वर्षांनी टोरवाल्ड्स परत ग्नोमवर गेले. ती बातमी मी कोणाला सांगितली नाही.

उंदरावर माझं वर्षभर बरं चाललं. पण बरं चालणं वेगळं आणि हात बसणं वेगळं. फाईल शोधायची खिडकी निराळी, मेन्यूतला क्रम निराळा. भाड्याचं घर कितीही स्वच्छ असलं तरी रात्री उठल्यावर दिव्याचं बटण सापडत नाही, तसं काहीतरी.

इथे मला गणपतीच्या कारखान्यात जावं लागेल. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात घराघरात गणपती घडतात हे तुम्हाला माहीत आहे. आमचा गणपती पेणहून येतो. आषाढात आई स्वतः पाट घेऊन कारखान्यात जायची. पाटाच्या मागे खडूने आडनाव. मूर्तिकार ओल्या हातांनीच नमस्कार करायचा. आजूबाजूला शे-दोनशे गणपती, रंगाआधीचे, सगळे पांढरे, सगळ्यांचे डोळे मिटल्यासारखे, कारण आखणी अजून व्हायचीय. आई कुठल्याही मूर्तीकडे बघायची नाही. तिचं वाक्य ठरलेलं.

"गेल्या वर्षीसारखीच द्या."

"तोच साचा आहे आई," मूर्तिकार म्हणायचा.

शेजारी मुंबईचं एखादं कुटुंब मोबाइलवर फोटो दाखवत असायचं, यंदा सिंहासन असं पाहिजे, फेटा तसा पाहिजे. त्यांच्याबद्दल मूर्तिकाराची काही तक्रार नव्हती. उलट पैसे तिकडेच जास्त होते. पण जुना साचा त्याने फोडला नव्हता. माळ्यावर होता, आणि आईसारखी चार माणसं येतात म्हणून वर्षातून एकदा खाली यायचा.

तर लिनक्सच्या जगात हे असंच झालं. ग्नोमवाल्यांनी जुना साचा बाजूला ठेवला. पण तो साचा सगळ्यांचा. त्यांचा परवानाच असा की कोणीही उचलावा, मूर्ती काढावी, वाटावी. अर्जेंटिनातल्या एका माणसाने, टोपणनाव पेर्बेरोस, 2011 सालीच तो उचलला आणि त्यातून पुन्हा त्याच मूर्ती काढायला लागला. मोर्चा नाही, अर्ज नाही, मोबदला नाही. काकांना हे सांगितलं तेव्हा ते गप्प झाले. त्यांना बहुधा हायवेचा साचा कुठे मिळेल असा प्रश्न पडला असावा.

आता या नव्या-जुन्या पोशाखाच्या नावाचा घोळ. भाचा ते इंग्रजी नाव 'मेट' वाचत होता. मी वाचलं 'माटे'. साहजिकच मला श्री. म. माटे आठवले आणि इतक्या गंभीर प्राध्यापकांचं कॉम्प्युटरशी काय नातं, ते कळेना. खरा उच्चार 'माते'. अर्जेंटिनात ही एक वनस्पती. तिची पानं भोपळ्याच्या कवचात घालून, वर गरम पाणी ओतून धातूच्या नळीने पितात. त्यांचा चहाच म्हणा. तेव्हापासून कॉम्प्युटर अडला की मी "माते!" म्हणतो आणि गिऱ्हाइकांना वाटतं, माणूस भाविक आहे.

नव्या ग्नोमशी गोंधळ नको म्हणून आतल्या सगळ्या वस्तूंची नावं मात्र बदलावी लागली होती, आणि त्यांतली बरीच त्यांनी स्पॅनिशमधून घेतली. फायलींची खिडकी ती काखा, म्हणजे पेटी. चौकटी सांभाळणारा तो मार्को, म्हणजे चौकटच. कागद वाचायचं ते आत्रिल, म्हणजे पोथी ठेवायचं व्यासपीठ. मजकूर लिहायचं ते प्लुमा, म्हणजे पीस किंवा लेखणी. पेण तालुक्यात राहून पेनाला प्लुमा म्हणायचं जरा जड गेलं, पण मूर्ती तीच असल्यावर नावाला कोण बघतो.

2012 च्या मे महिन्यात लिनक्स मिंट या घराण्याची तेरावी आवृत्ती आली. ते आपल्या आवृत्त्यांना बायकांची नावं देतात, तेरावीचं नाव माया. तिच्यात हे माते होतं आणि सिनॅमन नावाचं दुसरंही होतं, मिंटवाल्यांनी स्वतः शिवलेलं, नव्या कापडाचा जुन्या मापाचा सदरा. दोन्ही चांगली. भाच्याने सिनॅमनची फार वकिली केली. दालचिनी म्हणून दिसायलाही छान. पण एका बाजूला दालचिनी आणि दुसऱ्या बाजूला माया आणि माते दोघी एकाच सीडीत, यात विचार करण्यासारखं काय होतं?

सीडी घातली. बऱ्याच वेळाने स्क्रीन उजळला. मिंटचं मेन्यू त्यांच्या पद्धतीचं होतं, पण पट्टी खाली, मेन्यू डावीकडे, घड्याळ उजवीकडे. मी काही न बोलता हात नेला आणि हात आपला आपण जिथे जायचा तिथे गेला. एक खिडकी उघडली, खाली टाकली. परत वर काढली, परत खाली टाकली. असं किती वेळा केलं सांगत नाही. त्या वर्षी गणपती 19 सप्टेंबरला होते, अधिक महिन्यामुळे लांबलेले. माझ्याकडे ते तीन महिने आधीच आले.

मायाला पाच वर्षं आधार होता, 2017 पर्यंत. त्याच वर्षी मातेच्या 1.18 या आवृत्तीत आतला सगळा पाया बदलला. भाच्याच्या भाषेत सांगायचं तर जीटीके 2 जाऊन जीटीके 3 आलं, आणि हे जीटीके 3 म्हणजे ज्या नव्या ग्नोमपासून आम्ही पळालो, त्यांच्याच कारखान्यातली माती. वरून पट्टी तीच, बटण तेच. मला महिनाभर पत्ता नव्हता. भाच्याने सांगितलं तेव्हा मी थोडा दुखावलो, मग आईचा गणपती आठवला. आईला आवडणाऱ्या मूर्तीची माती, रंग, किरीटावरचं नक्षीकाम, यातलं किती काय काय मूर्तिकाराने मधल्या वर्षांत हळूच बदललं असेल देव जाणे. आई पाटाकडे बघून "तोच आहे" म्हणायची आणि घरी आणायची.

भाचा आता मोठ्या कंपनीत आहे आणि नवा ग्नोम वापरतो. खाली टाकायचं बटण त्याला दहा वर्षांत एकदाही लागलेलं नाही म्हणतो. तो कोपऱ्याला माउस लावतो, कोंबड्या पांगतात, त्यातली हवी ती अचूक धरतो. मी ते बघितलंय. हात बसलाय त्याचा.

गेल्या पावसाळ्यात दुकानाच्या डाव्या भिंतीला ओल आली. गिलावा फुगला, पोपडे पडायला लागले. झेरॉक्स मशीनचा कागद दमट होऊन अडकायचा. एका रविवारी गडी लावून मशीन उजवीकडे घेतलं, टेबल फिरवलं, लॅमिनेशन आतल्या बाजूला सरकवलं. भिंत खरवडताना खिळाही निघाला. मी लांब उभं राहून बघितलं. प्रकाश जास्त येत होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट मोकळी झाली होती. हे आधी का सुचलं नाही, असं वाटलं.

सोमवारी काका आले. पाऊस होता, छत्री निथळत होती. नेहमीसारखा न बघता हात मागे नेला आणि छत्री अडकवली. छत्री धप्पकन खाली पडली.

काकांनी छत्रीकडे बघितलं. भिंतीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"अपग्रेड मारलास काय रे?"